दगड सादळतो तेव्हा: वॉलुलाच्या बेसॉल्टमधल्या ९७७ टन सीओटूची केस

पावसाळ्यात पापडाचा डबा नीट लागला नाही की दोन दिवसांत पापड सादळतात. पाण्याचा थेंब कुठे दिसत नाही, डबा हाताला कोरडाच लागतो, तरी पापड मऊ पडलेला असतो. कोकणात तर घरातल्या लोखंडी कपाटाला, जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे, पाऊस न लागताच गंज चढतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजायला तेवढा पुरतो. हे सुरुवातीलाच सांगतोय कारण आज जी केस लिहायला घेतलीय, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता खडकात साठवायची, तिचं मर्म ह्या सादळण्यातच आहे, फक्त जागा जमिनीखाली ८०० मीटरवर आणि सादळणारी वस्तू म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीत आहे तसाच काळा दगड.

जागा आहे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं वॉलुला. कोलंबिया नदीच्या काठचा कोरडा मुलूख, एका कागद कारखान्याची जमीन आणि तिथे २००९ साली घेतलेली बोअर. खाली कोलंबिया रिव्हर बेसॉल्ट आहे, साधारण १.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे थर. ज्यांनी महाराष्ट्रात बोअर मारताना बघितलंय त्यांना ही रचना सांगायला नको, प्रत्येक थराचा माथा फुटका आणि भोकाभोकांचा असतो, मधला भाग घट्ट कातळ असतो, मग खाली पुढच्या थराचा फुटका माथा. आपल्याकडे पाणी लागतं ते बहुतेक अशाच सांध्यात. वॉलुलाला ह्याच फुटक्या माथ्यांमध्ये, ८२८ ते ८८७ मीटर खोलीच्या पट्ट्यात, सीओटू सोडायचं ठरलं. वरचा घट्ट कातळ झाकण म्हणून.

पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी ही रिचलंडची लॅब ह्या कामाच्या मागे होती, पीट मॅकग्रेल आणि त्यांची टीम. २०१३ च्या उन्हाळ्यात सुमारे २५ दिवसांत ९७७ टन सीओटू खाली गेला. हा आकडा मोठा वाटतो पण तसा नाही, कोळशावरचं १,००० मेगावॉटचं केंद्र पूर्ण चालत असेल तर साधारण तासाभरात एवढा सीओटू धुराड्यातून सोडतं. म्हणजे हा एक प्रयोगच होता, पण खऱ्या खडकातला, आणि खऱ्या खडकातले प्रयोग ह्या विषयात बोटावर मोजण्याइतके आहेत.

आता खरी गोष्ट. सीओटू खाली पाठवला तो पाण्यात विरघळवून नाही, शुद्ध, सुपरक्रिटिकल अवस्थेत. ३१ अंश तापमान आणि ७४ बार प्रेशरच्या वर गेलं की सीओटू धड गॅस राहत नाही धड द्रव, घनता द्रवाच्या जवळपास पण बारीक भेगांतून शिरतो गॅससारखा. आणि तो पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर सरकू बघतो, म्हणून झाकण लागतं. बहुतेक ठिकाणी, म्हणजे नॉर्वेच्या समुद्रात १९९६ पासून चालू असलेल्या स्लाइपनरसारख्या वालुकाश्माच्या जागी, सगळा भरवसा त्या झाकणावरच असतो, कारण वाळूच्या क्वार्ट्झमध्ये सीओटूला धरून ठेवणारं काही नसतं. बेसॉल्टमध्ये मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं, आणि ही तिन्ही सीओटूला भेटली की कार्बोनेट बनतं, म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. दगड झाला की गळायचा प्रश्नच उरत नाही.

पण इथेच लोकांना शंका होती, आणि ती शंका रास्त होती. शुद्ध सीओटू खडकाच्या पोकळ्यांमधलं पाणी ढकलून लावतो, स्वतः तिथे बसतो. मग क्रिया व्हायची कुठे? ॲसिड बनायला पाणी पाहिजे, दगडातून कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटायला पाणी पाहिजे, कार्बोनेट जमायलाही पाणी पाहिजे. तेव्हा जुना हिशोब असा होता की सीओटूचा जो मोठा फुगा खाली तयार होतो त्याच्या आतला दगड जवळजवळ मेलेला समजायचा, क्रिया फक्त फुग्याच्या कडेला, जिथे सीओटू हळूहळू पाण्यात विरघळतो तिथे. त्या हिशोबाने दगड बनायला शेकडो ते हजारो वर्षं.

२०१५ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, त्याच बोअरच्या भिंतीतून छोटे छोटे कोअर कापून वर आणले. काळ्या दगडाच्या बोटाएवढ्या कांड्या. त्यातल्या पोकळ्यांमध्ये कार्बोनेटच्या गाठी बसलेल्या होत्या, अँकेराइट नावाचं खनिज, कॅल्शियमबरोबर लोह धरलेलं. गाठ मधून कापली तर आतून बाहेर तिची रचना बदलत गेलेली दिसते, थरावर थर, म्हणजे ती एकदम नाही जमली, हळूहळू वाढली आणि वाढताना आजूबाजूचं पाणी बदलत होतं. आता कोणी म्हणेल की बेसॉल्टच्या पोकळीत कॅल्साइट तर निसर्गतः असतंच, आपल्या जळगाव-नाशिकच्या खाणीत झिओलाइट ह्या खनिजाच्या शेजारी बसलेलं असतं, मग हे कशावरून नवीन? म्हणून कार्बनचे आयसोटोप, म्हणजे कार्बनचेच पण कमीजास्त वजनाचे अणू, तपासले. खाली सोडलेल्या सीओटूचा कार्बन आणि खडकातल्या जुन्या कॅल्साइटचा कार्बन ह्यांची सही वेगळी असते, आणि गाठींची सही सोडलेल्या सीओटूशी जुळली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे २०२० मध्ये पाण्याच्या चाचण्या आणि मॉडेल एकत्र करून हिशोब मांडला गेला, सोडलेल्यापैकी सुमारे ६० टक्के सीओटू दोन वर्षांतच खनिज झाला होता, आणि तरी उपलब्ध पोकळीपैकी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास जागा भरली होती.

शेकडो वर्षांच्या जागी दोन वर्षं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं, भूजलाच्या कामात एवढी वर्षं गेल्यावर दगड म्हणजे न बदलणारी गोष्ट अशी सवय लागते डोक्याला.

पापुद्रा किती जाड लागतो

सीओटूच्या फुग्याच्या आतही दगडावर पाण्याचा पापुद्रा धरत असेल तर क्रियेला तो किती जाड लागतो, ह्याचं उत्तर बोअरमधून नाही आलं, लॅबमधून आलं, आणि गंमत म्हणजे बरंचसं उत्तर बोअरमध्ये सीओटू सोडायच्या आधीच हातात होतं. २०११ मध्ये त्याच रिचलंडच्या लॅबने एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दगड घेतला फोर्स्टेराइट, म्हणजे ऑलिव्हिनचा मॅग्नेशियमवाला प्रकार, अंगठीतला हिरवट पेरिडॉट असतो त्याच घराण्यातला. त्याची अगदी बारीक पूड केली, ५० अंश तापमान आणि १८० ॲटमॉस्फिअर प्रेशरच्या सीओटूमध्ये २४ तास ठेवली, आणि इन्फ्रारेड प्रकाशाने चालू प्रयोगातच बघत राहिले की पुडीवर पाणी किती बसतंय आणि कार्बोनेट किती बनतंय.

बदलायची होती एकच गोष्ट, सीओटूमध्ये विरघळलेलं पाणी. सुपरक्रिटिकल सीओटू पाणी फार कमी घेतो, वजनाने अर्ध्या टक्क्याच्याही आत, पण जेवढं घेऊ शकतो त्याच्या किती टक्के घेतलंय हे महत्त्वाचं, अगदी हवेच्या आर्द्रतेसारखंच.

कोरडा सीओटू दिला तर काहीच नाही, २४ तासांत कार्बोनेटचा पत्ता नाही. ४७ टक्के आणि ८१ टक्के भरलेला दिला तर पुडीवर अणूंच्या मापाचा पापुद्रा आला, क्रिया सुरू झाली, पहिल्या तीन तासांत जे व्हायचं ते झालं आणि मग थांबली, एकूण १ टक्क्यापेक्षा कमी दगड बदलला. ९५ टक्क्यांवर गेल्यावर पापुद्रा नॅनोमीटरच्या मापात आला आणि आता क्रिया थांबेना, पूर्ण २४ तास चालू, सुमारे २ टक्के दगड बदलला. आणि पाणी मुद्दाम जास्त दिलं, भरण्याच्या मर्यादेच्या ३६ टक्के वर, तेव्हा १० टक्के. ८१ आणि ९५ मध्ये पाण्याचा फरक तो केवढा, पण एका बाजूला क्रिया दमून बसते आणि दुसऱ्या बाजूला चालतच राहते.

मग हा उंबरठा नेमका कुठे आहे ह्याच्या मागे लोक लागले. २०२० मध्ये ५० अंश आणि ९० बारवर त्याच फोर्स्टेराइटचं मोजमाप आलं, आणि आकडा निघाला दीड थर. म्हणजे दगडाच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा एक थर पूर्ण आणि वर अर्धा. एक थर साधारण ०.३ नॅनोमीटर धरला तर दीड थर म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत. मी कागदावर हिशोब करून बघितला, एक लिटर पाणी एवढ्या जाडीने पसरलं तर साडेपाचशे एकर झाकेल. साडेपाचशे एकर शेताला एक तांब्या पाणी, आणि त्यात दगड विरघळतोय आणि नवा दगड जमतोय.

दीडच का, हे समजून घ्यायला मला वेळ लागला, पण हाच भाग सगळ्यात सुंदर आहे म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या थरातले पाण्याचे रेणू दगडाला चिकटलेले असतात, ते पाणी असून नसल्यासारखं, कशाला वाहून न्यायच्या कामाचं नाही. त्यात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला अणू, सुटलाच तर जागच्या जागी अडकून बसतो, बाजूला सरकायला त्याला जेवढी ऊर्जा लागते तेवढी मिळत नाही. एक अधिक अर्धा थर झाला की अचानक आडवं सरकणं सोपं होतं. हे नुसतं कॉम्प्युटरवरच्या रेणूंच्या मॉडेलमध्ये दिसलं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण त्यांनी पुडीची विजेची वाहकताही मोजली होती, आणि ज्या पाण्याला कार्बोनेट दिसायला लागलं जवळपास त्याच पाण्याला दगड विरघळायला लागला आणि त्याच पाण्याला आयन पळायला लागले. तीन वेगळ्या पद्धती आणि तिन्ही एकाच ठिकाणी बोट ठेवतात. म्हणजे दीड थराच्या खाली अडचण ॲसिडची नाही, सीओटूची तर नाहीच, अडचण रस्त्याची आहे.

दुसरी गोष्ट ह्याहून अनपेक्षित. भरपूर पाण्यात, साध्या तापमानाला, मॅग्नेसाइट, म्हणजे पाणी नसलेलं मॅग्नेशियम कार्बोनेट, जमवणं फार अवघड असतं. कारण मॅग्नेशियमचा आयन स्वतःभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून बसतो, कार्बोनेटला जवळ येऊच देत नाही, मग बनतं ते नेस्क्विहोनाइटसारखं पाणी पोटात घेतलेलं खनिज, मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे तीन रेणू. पातळ पापुद्र्यात पाण्याचीच चणचण, त्यामुळे मॅग्नेशियमचं ते कवच लवकर सुटतं आणि ३५-५० अंशांनाही मॅग्नेसाइट बनलेलं लॅबमध्ये दिसलंय. आणि मॅग्नेसाइट बनलं की पाणी मोकळं होतं, परत पापुद्र्यात येतं, पुढच्या आयनाला वापरायला. नेस्क्विहोनाइट बनलं तर मात्र पाणी दगडात अडकतं आणि पापुद्रा आटत जातो. त्यामुळे कमी पाणी म्हणजे कमी क्रिया असा सरळ हिशोब इथे लागत नाही. उंबरठ्याच्या खाली काहीच नाही, उंबरठा ओलांडला की तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा राबतं.

अर्थात अडथळेही आहेत. दगडातून मॅग्नेशियम निघून गेलं की मागे सिलिका उरते, ती कणाभोवती साय धरल्यासारखी बसते आणि आतला ताजा दगड झाकला जातो. आणि बेसॉल्ट म्हणजे नुसतं फोर्स्टेराइट नाही, त्यात प्लॅजिओक्लेज आहे, पायरॉक्सिन आहे, लाव्हा पटकन थिजून झालेली काच आहे, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, दीड थर हा आकडा प्रत्येकाला तसाच्या तसा लावायचा नाही.

परत बोअरकडे

हे डोक्यात ठेवून वॉलुलाकडे बघितलं की चित्र नीट लागतं. बोअरच्या अगदी जवळ कोरडा सीओटू सतत येत होता, तो दगडावरचा पापुद्रा पिऊन टाकणार, तिथे क्रिया मंद. हे खरंतर सोयीचंच, कारण बोअरच्या तोंडाशीच दगड जमायला लागला तर पुढचा सीओटू आत जायचा कसा. जरा लांब गेल्यावर तोच सीओटू वाटेतलं पाणी घेऊन पूर्ण भरलेला असतो, म्हणजे लॅबमधल्या ९५ टक्के आणि त्याच्या वरच्या परिस्थितीत, तिथे भिंतींवर पापुद्रा टिकून राहतो आणि सीओटूच्या फुग्याच्या आतला दगडही कामाला लागतो. आणि वर झाकणाच्या सांध्यात, जिथे गळती व्हायची भीती, तिथेही ओलावा आहेच, म्हणजे भेगेत कार्बोनेट जमून भेग बुजायची शक्यता. ज्या फुग्याला जुन्या हिशोबात मेलेला धरत होते तो जिवंत निघाला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोअरमधल्या गाठीवर ती पापुद्र्यात बनली की साध्या साचलेल्या पाण्यात, असा शिक्का नसतो. पोकळ्यांमध्ये साचलेलं पाणीही होतंच आणि त्यात विरघळलेल्या सीओटूनेही काम केलंच असणार. काही लोक वॉलुलाचे ६० टक्के सरसकट पापुद्र्याच्या खात्यावर लिहून टाकतात, ते मला मान्य नाही. वॉलुलाने सिद्ध केलं ते एवढंच की शुद्ध सुपरक्रिटिकल सीओटू सोडला तरी बेसॉल्ट वर्षांच्या मापात त्याचा दगड करतो. तेही काही कमी नाही.

आइसलँडचं कार्बफिक्स नेहमी शेजारी ठेवून दाखवलं जातं. तिथे २०१२ मध्ये हेलिशेइदीच्या भू-औष्णिक केंद्राजवळ सीओटू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त खनिज झाल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. आकडा वॉलुलापेक्षा सरस आहे. विरघळलेला सीओटू वर सरकत नाही, त्यामुळे झाकणाचीही काळजी कमी. पण किंमत बघा, एक टन सीओटूला साधारण २५ टन पाणी. वॉलुलाचे ९७७ टन त्या पद्धतीने सोडायचे म्हटले असते तर सुमारे २४,४०० टन पाणी लागलं असतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ २,४०० टँकर, एका तासाच्या धुरासाठी.

आणि इथे मला मराठवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, वीज बनवायलाच पाणी नव्हतं. त्याच वर्षी तिकडे वॉलुलाला पंप चालू होता. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, म्हणून सीओटू साठवायची गोष्ट निघाली की आपल्याकडे लगेच आइसलँडचं नाव घेतलं जातं, त्यांनी केलं मग आपणही करू. किनाऱ्याला समुद्राचं पाणी वापरायचा विचार होऊ शकतो, पण घाटाच्या वर, जिथे उन्हाळ्यात माणसांना टँकर लागतो, तिथे टनामागे २५ टन पाण्याची पद्धत मांडणं मला पटत नाही. जे पाणी खडकात आधीच आहे त्याच्या पापुद्र्यावर काम भागणार असेल तर आधी ते तपासायला पाहिजे.

तपासायला पाहिजे म्हणतोय कारण बेसॉल्ट सगळीकडे सारखा नसतो. रिचलंडच्याच लॅबच्या शेफ, मॅकग्रेल वगैरे मंडळींनी २०१० मध्ये वेगवेगळ्या प्रदेशांतले बेसॉल्ट सीओटूमध्ये ठेवून बघितले होते, त्यात आपला दख्खनचाही होता, आणि रासायनिक रचना जवळपास सारखी असूनही कार्बोनेट बनायचा वेग बराच वेगळा निघाला. शिवाय आपला दगड वॉलुलापेक्षा खूप जुना, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. पोकळ्या बऱ्याच ठिकाणी झिओलाइटने आणि हिरव्या मातीने भरलेल्या. ही दोन्ही पाणी धरून ठेवणारी मंडळी, त्यातली फुगणारी माती तर पाण्याबरोबर सीओटूही पोटात घेते. त्यामुळे आपल्या दगडावर पापुद्रा लवकर धरेल की ही मातीच पाणी शोषून पापुद्रा आटवेल, हे ऑलिव्हिनच्या पुडीवरून ओळखता येणार नाही. आणि खोलीचा प्रश्न आहेच, सीओटू सुपरक्रिटिकल राहायला ८०० मीटर तरी खाली जावं लागतं, तेवढा जाड बेसॉल्ट दख्खनमध्ये सगळीकडे नाही. कोयनेच्या परिसरात आहे, तिथल्या ३ किलोमीटरच्या पायलट बोअरमध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट लागला आणि मग खाली ग्रॅनाइट. पण १९६७ चा भूकंप ज्या भागात झाला तिथे प्रेशरने काही खाली सोडा असं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच म्हणणार.

सोडायचं काही नाही, पण कोयनेच्या भूकंप अभ्यासासाठी तिथे १,५०० मीटरपर्यंतच्या बोअर झाल्यात आणि त्यांचे कोअर कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीकडे आहेत. ८०० मीटरच्या खालचा एक तुकडा, फुटक्या माथ्यातला, झिओलाइट आणि माती असेल तशी ठेवून बारीक करायचा, ९० बारच्या सीओटूमध्ये ठेवायचा आणि पाणी अगदी थोडं थोडं वाढवत न्यायचं, ४० टक्के, ६०, ८०, ९०, ९५. कुठल्या टक्क्याला हा दगड सादळतो एवढंच बघायचं. त्याला ना बोअर लागते ना टँकर, टेबलावर मावेल एवढं यंत्र लागतं आणि चिमूटभर काळी पूड.